कलम अकरा

शाळा दर शुक्रवारी मोडायची,
करारातच आहे तसं, कलम अकरा.
दीड वाजता बाकं मिटायची,
खुर्च्यांची थप्पी जिन्याखाली,
भिंतीवरची अक्षरं हलक्या हातानं सोलायची
(पोपडा निघणार नाही अशी निळी पट्टी
अनशेल गुरविचनं स्वतः दुकानात जाऊन निवडलेली).
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
आमचं, चाकं लावलेल्या एका कपाटात.

डुलूथचं हे सिनेगॉग चारशे माणसांसाठी बांधलं,
बंदरात लोखंडाची चलती होती तेव्हा.
आता शनिवारी चाळीस येतात, थंडी बरी असेल तर.
शाळेला तळघर द्यायचं का, यावर मतं पडली :
सात बाजूनं, पाच विरुद्ध.
पाचांतला अनशेलचा हात
सगळ्यांत उशिरा खाली आला.
"मुलं गोंद सांडतात," म्हणाला.
मग थोड्या वेळानं, "आणि जातात."
त्याची तिन्ही गेलेली आहेत. फिनिक्स, फिनिक्स आणि तेल अवीव.

मग अग्निशमनचे हाल्वोर्सन आले,
दारं मोजली, पायऱ्या मोजल्या,
दुधाच्या आणि मांसाच्या भांड्यांची वेगळी कपाटं बघून
विचारलं, यातलं पेट घेणारं कुठलं?
मी हसले. त्यांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं.
एक जास्तीचा दिवा लावायला सांगितला, बाहेर पडायच्या वाटेवर.
बॉयलरच्या बिलाचा तिसरा हिस्सा आमचा.
फी भरून उरलेलं कसं भरायचं
ते मी रात्री दोन वाजता मोजते, अजूनही.

नऊ मुलं. तीन इयत्ता. एक खोली.
पहिल्या दिवशी आलेफ :
हिला स्वतःचा आवाज नाही, मी म्हटलं,
तर नाफ्ताली म्हणाला, मग ती पहिली का?
उत्तर मी दुसऱ्या दिवसावर ढकललं,
आणि दुसऱ्या दिवशी त्याला गोवर निघाला.

वाचायला पुस्तकं अपुरी, म्हणून वर नेते त्यांना,
मृतांच्या पितळी फळीपाशी.
नावापुढे इवला बल्ब, पुण्यतिथीच्या आठवड्यात पेटणारा.
फळीवर नुसती व्यंजनं आहेत,
काना, मात्रा, वेलांटी ज्यानं त्यानं लावायची.
ब्लूमा बोट ठेवून, जीभ बाहेर काढून :
"गा... य... ताल."
"गितल," वरून आवाज आला.
शिडीवर अनशेल, हातात बल्ब.
"तुम्हाला कसं कळलं?"
"कळतं," म्हणाला,
आणि बल्ब पिळत राहिला, बसल्यानंतरही.

एलूलच्या महिन्यात रोज सकाळी शोफार फुंकतात.
कालव्याच्या पुलाखालून जाणारं खनिजाचं जहाज
भोंगा देतं, त्याच सुमारास.
मुलं म्हणतात, उत्तर आलं.
मी ते खोडून काढत नाही.

ऑक्टोबरातला शुक्रवार.
बाकं मिटली, अक्षरं उतरली, मुलं गेली.
अनशेल कचऱ्याची बादली घेऊन माझ्यापुढे उभा,
तोंड असं की आता करारच फाडणार.
बादलीत चुरगळलेला एक कागद.
कुणीतरी, बहुतेक ओझेरनं,
जुन्या प्रार्थनेतून उतरवून काढलेलं,
जांभळ्या खडूनं, चारही अक्षरं पुरी :
जे नाव आपण तोंडानं घेत नाही,
आणि लिहिलं तर टाकत नाही.
दुसरं अक्षर उलटं. वर गोंदाचा थेंब.

त्यानं कागद कोटावर ठेवून तळहातानं सपाट केला.
मग पोटमाळ्याच्या पायऱ्या, अठरा, गुडघ्यांसकट.
वर ती पेटी, जीर्ण पोथ्या दफनाची वाट बघत पडलेल्या,
कुणाच्या पणजोबांनी लिथुआनियाहून छातीशी धरून आणलेल्या,
कडा काळ्या, बोटांनी खाल्लेल्या.
त्यांच्यावर त्यानं जांभळा कागद ठेवला.
झाकण लागेना. दाबलं.

खाली उतरला तेव्हा अंधारायला आलं होतं.
"वेलीनं लिहायला शिकवू नकोस त्यांना ते," म्हणाला,
"हात बसेपर्यंत."
मी मान हलवली.
"आणि गोंद सांडलाय तिकडे, तिसऱ्या खिडकीखाली.
सांगितलं होतं मी."